नवं इंडी संगीत शोधायचंय? आधी ऐकणारे गाठा

स्ट्रीमिंग ॲपच्या शिफारशींवर विसंबलं की फिरून फिरून भोपळे चौकात. काल जे ऐकलं, त्याचीच चुलतभावंडं आज पुढ्यात येतात. इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय पदरमोड करून रेकॉर्डिंग करणारे कलाकार हवे असतील तर थोडी पायपीट करावी लागते. माझी सुरुवात बँडकॅम्पपासून होते. २००८ पासून चालू असलेल्या या साइटवर कलाकार स्वतःच अल्बम टाकतात, किंमतही तेच ठरवतात आणि विकत घेण्याआधी बहुतेक गाणी पूर्ण ऐकता येतात.

१. नेमका टॅग घ्या
नुसतं 'रॉक' शोधलंत तर समुद्रात पडाल. 'डूम मेटल', 'डब', 'ॲम्बियंट' असं काही नेमकं निवडा आणि यादी नव्या रिलीजप्रमाणे लावा. शहराचं नावही टॅग म्हणून चालतं. मुंबई किंवा पुणे टाकून बघा. एकाच यादीत मेटलही येतं, टेक्नोही.

२. खरेदी करणाऱ्यांच्या घरात डोकवा
माझ्या मते खरी खाण इथे आहे. अल्बमच्या पानावर छोट्या चौकोनी फोटोंची रांग दिसते. तो अल्बम विकत घेतलेली ही मंडळी. कुणाच्याही फोटोवर क्लिक केलं की त्याचा अख्खा संग्रह उघडतो. काहींनी आवडत्या ट्रॅकबद्दल दोन ओळीही लिहिलेल्या असतात. मी आधी त्यांच्याकडे वळतो. ज्याच्या संग्रहात तुमचे दोन लाडके अल्बम आणि तीस-चाळीस अनोळखी नावं असतील, तो तुमचा माणूस. त्याला फॉलो करा, म्हणजे त्याची पुढची खरेदी तुमच्या फीडमध्ये दिसेल. पाच हजार अल्बमवाला मात्र टाळा. त्याला सगळंच आवडतं.

३. लेबल आणि श्रेयनामावली वाचा
छोट्या लेबलची, म्हणजे गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीची, आवड ठरलेली असते. हिप-हॉपसाठी २०१७ साली सुरू झालेलं दिल्लीचं आझादी रेकॉर्ड्स बघा. आपल्याकडचं रॅप पुष्कळदा आधी यूट्यूबवरच येतं. मुंबईचा 'स्वदेशी' हा मराठीतही रॅप करणारा गट तिथे सापडेल. व्हिडिओखालच्या मजकुरात बीट कुणाचा, मिक्सिंग कुणाचं, हे दिलेलं असतं. त्यातलं एकेक नाव शोधत गेलात की रविवार संपतो.

४. रेडिओ लावून ठेवा
लंडनचं एनटीएस, दिल्लीचं बॉक्सआउट एफएम. दोन्ही इंटरनेटवर ऐकायची. एनटीएसच्या जुन्या कार्यक्रमांखाली बहुधा गाण्यांची यादीही असते.

५. शुक्रवार सांभाळा
जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. इंडीवाले हा वार पाळतीलच असं नाही, पण कलाकाराला बँडकॅम्पवर फॉलो केलंत तर नव्या अल्बमची ईमेल येते. मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी ही साइट आपला वाटा सोडते. एरवी डिजिटल विक्रीवर तो साधारण १५ टक्के असतो. खरेदी त्या दिवशी केली तर कलाकाराच्या हाती जास्त पैसे पडतात. कार्डावर परदेशी व्यवहार आधीच चालू करून ठेवा.

आणि घड्याळ बघा. हा शुक्रवार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा. आपल्याकडे तो दुपारी साडेबाराला सुरू होतो, हिवाळ्यात दीडला. मी पहिल्यांदा सकाळच्या चहाबरोबरच चार अल्बम घेऊन मोकळा झालो होतो. तिकडे अजून गुरुवारच होता.