रेडमध्ये बोलायचं कोणी?

ऑनलाइन गेममध्ये बरेच जण टीम करून मोठ्या बॉसशी लढतात, त्याला रेड म्हणतात. मी त्यात शक्यतो हीलर, म्हणजे बाकीच्यांना बरं करणारी, खेळते, त्यामुळे कोण कशाने मेलं हे मला आयतंच दिसतं. नव्या टीमचे बरेचसे वाइप, म्हणजे अख्खी टीम मरणं, गोंगाटामुळे होतात. दोघं एकदम ओरडतात आणि तिसऱ्याला काहीच ऐकू येत नाही.

माणसं जमवणं त्यामानाने सोपं. फायनल फँटसी १४ मध्ये ८ जण लागतात: २ टँक (बॉसचा मार अंगावर घेणारे), २ हीलर, ४ डीपीएस (बॉसला डॅमेज करणारे). डेस्टिनी २ मध्ये ६, तेही ठरलेल्या रोलशिवाय. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या मोल्टन कोअर या रेडला ४० जण जायचे. तेवढे माइक एकदम चालू असतील तर काय होईल, विचार करा.

पहिल्या पुलआधी, म्हणजे बॉसशी लढाई सुरू करण्याआधी, एकच कॉलर (सूचना देणारा) ठरवा. माझं मत विचाराल तर टँकला हे काम देऊ नका, त्याच्यासमोर बॉसचे पायच जास्त असतात. मागे उभं राहणाऱ्याला सगळं मैदान दिसतं. बाकीच्यांनी फक्त स्वतःपुरतं बोलायचं: ‘मेलो’, ‘डीबफ (बॉसने लावलेला वाईट परिणाम) माझ्यावर’. बस्स.

जागांची नावंही आधीच ठरवा. डेस्टिनी २ मधल्या व्हॉल्ट ऑफ ग्लास या रेडमध्ये ओरॅकल नावाची लक्ष्यं एकामागोमाग एक दिसतात आणि त्याच क्रमाने फोडावी लागतात. ‘अरे तो तिकडचा, खडकाजवळचा’ म्हणेपर्यंत पुढचा येऊन गेलेला असतो. ‘डावा एक, मधला, उजवा दोन’ एवढंच म्हणा. कॉलरने क्रम एकदा सांगायचा आणि गप्प बसायचं. मध्येच कुणी ‘नक्की ना?’ विचारलं की संपलंच.

वाइप झाल्यावर पहिला कोण मेला तेवढंच बघा. बाकीचे बहुधा त्याच्या मागोमाग गेलेले असतात. टँक पडला असेल तर त्याने कूलडाउन (अधूनमधूनच वापरता येणारा बचाव) वापरला होता का, की माझा हील उशिरा आला? पुढच्या पुलला तेवढी एकच गोष्ट बदला. डॅमेजची चर्चा बॉस एनरेज होईपर्यंत, म्हणजे वेळ संपून तो चवताळेपर्यंत, सगळे जिवंत राहायला लागल्यावर.

लूटचंही, म्हणजे बॉस मेल्यावर मिळणाऱ्या वस्तूंचंही, आधीच बोलून घ्या. डेस्टिनीत ज्याचं त्याला मिळतं, प्रश्नच येत नाही. फायनल फँटसीत मात्र पेटीतल्या वस्तू मोजक्या आणि डोळे सगळ्यांचे, तेव्हा ‘नीड’ (मला गरज आहे) कोणी दाबायचं आणि ‘ग्रीड’ (मिळालं तर घेईन) कोणी, हे आत शिरण्यापूर्वीच ठरलेलं असू द्या.