मॉर्फो फ्रेममध्ये बसवताना: पंख मोडतो तो घाईमुळे

आधी माल. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून मेलेलं फुलपाखरूही उचलायचं नाही, १९७२चा वन्यजीव कायदा आडवा येतो. निळी मॉर्फो ही मध्य-दक्षिण अमेरिकेतली फुलपाखरं. तिकडे पाळून वाढवलेली, पंख मिटून सुकवलेली, कागदी पाकिटात येतात. आयातीचे कागद मागा, जपून ठेवा.

खरी गोम सुकं फुलपाखरू मऊ करण्यात आहे. ‘किटलीच्या वाफेवर धरा’ हा सल्ला सोडून द्या. पंखावर थेंब बसतो, डाग जात नाही. हवाबंद डब्याच्या तळाशी ओला करून पिळलेला टिश्यू घाला, त्यावर डेटॉलचे आठ-दहा थेंब, नाहीतर मुंबईच्या हवेत बुरशी आलीच. वर जाळी, जाळीवर फुलपाखरू. झाकणाला आतून कोरडा टिश्यू चिकटवा, म्हणजे साचलेलं पाणी टपकणार नाही. लहान फुलपाखराला २४ तास, मॉर्फोला ४८.

पंख वाकतोय म्हणजे झालं, असं समजू नका. ताठ असतात ते छातीतले स्नायू, आणि ओल तिथे सर्वांत शेवटी पोचते. चपट्या चिमट्यानं पंखांच्या मुळाखाली छाती अलगद दाबा. पंख सहज उघडले तर पुढे जा. जरा जरी अडले तरी डबा पुन्हा बंद, आणखी १२ तास. इथे ‘थोडासा जोर’ लावला की पंख मुळातून निखळतो.

थर्माकोलमध्ये धडाच्या जाडीची खाच कापा. छातीच्या मधोमध ३ नंबरची स्टेनलेस कीटक-टाचणी उभी. शिंप्याची टाचणी गंजते. पुढच्या पंखाच्या कडेजवळच्या जाड शिरेमागे बारीक टाचणीचं टोक टेकवून पंख पुढे सरकवा, त्याची मागची कड धडाशी काटकोनात येईपर्यंत. मग मागचा पंख. वर बटर पेपरची पट्टी, टाचण्या पंखाबाहेर.

वाळायला थंडीत १० दिवस, पावसाळ्यात तीन आठवडे, तेही सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात. उघडं ठेवलं की मुंग्या रात्रीत पोट पोखरतात.

फ्रेममध्ये काच पंखाला टेकू नये. डांबरगोळी थर्माकोलला लावून ठेवू नका, तो विरघळतो. मॉर्फोचा निळा खवल्यांच्या रचनेतून येतो, त्यामुळे तो सहसा उडत नाही; अंगातलं तेल पसरून काळपट झाला तर एक दिवस ॲसिटोनमध्ये बुडवा, वाळल्यावर परत येतो. पिवळ्या-नारिंगी फुलपाखरांना ही सवलत नाही, ती खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगू नका.