ट्रेलरमधली बॅटरी कोण खातंय? अँपिअर मोजून बघा

मार्चअखेर इंदूरहून महेश्वरला गाडीमागे ओढायचा, आत राहता येणारा ट्रेलर घेऊन गेलो होतो. वडाच्या गार सावलीत लावला, त्यामुळे वरच्या सोलर पॅनलचा उपयोग शून्य. दुसरी रात्र उलटली आणि पहाटे नळाला पाणी येईना. पंप नुसता घुरघुरला नि थांबला. मीटर लावला तर बॅटरी 11.6 व्होल्टवर, म्हणजे जवळजवळ रिकामी! सगळ्यांची बोटं काकूंकडे, कारण आदल्या संध्याकाळी त्यांनी मिक्सरवर दाण्याची चटणी केली होती. काकू म्हणाल्या, "अरे, दोन मिनिटं मिक्सर फिरवला, त्यानं का बॅटरी बसते?"

इंदूरला लोकमान्यनगरात परत आल्यावर मी एकेक वस्तू मोजली. काकूंचं बरोबर होतं.

हिशेब साधा आहे. वॉटला व्होल्टनं भागलं की अँपिअर, आणि अँपिअरला तासांनी गुणलं की अँपिअर-तास, म्हणजे एएच. बॅटरीवर जो 100 किंवा 150 आकडा छापलेला असतो तो हाच. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, नाहीतर आयुष्य घटतं. म्हणजे आमच्या 150 एएचच्या ट्यूब्युलरमधले (ती लेड-ॲसिडचाच एक प्रकार) हाताशी 75. लिथियम असेल तर 80 टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरा.

मोजायला डीसी क्लॅम्प मीटर हवा, म्हणजे वायर न सोडवता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा. इंदूरच्या जेल रोडवर मागाल तर बऱ्याचदा स्वस्तातला पुढे करतात, तो फक्त एसी करंट दाखवतो आणि 12 व्होल्टच्या वायरवर ढिम्म शून्य. डायलवर करंटच्या खुणेपाशी सरळ रेघ आहे का आणि 'झीरो'चं बटण आहे का, ते दुकानातच बघून घ्या. मल्टिमीटरनंही काम होतं, पण वायर सोडवून तो मध्ये जोडावा लागतो आणि बहुतेकांची मर्यादा 10 अँपिअरची. अँपिअरच्या भोकात पिन ठेवून तो थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावला की फ्यूज गेलाच. माझा एक असाच गेला.

सुरुवातीला हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. मग चार्जिंगची सगळी दारं बंद करा: सोलर तोडा, घरचा चार्जर काढा, गाडीकडून येणारी वायर सोडवा. हे राहिलं तर येणारा आणि जाणारा करंट एकमेकांत वजा होऊन मीटर खोटं बोलतो.

आता सगळी बटणं बंद ठेवून बॅटरीच्या निगेटिव्ह केबलभोवती क्लॅम्प लावा. लावण्याआधी झीरो दाबा. निगेटिव्हच्या दोन-तीन वायरी असतील तर सगळ्या एकत्र जबड्यात घ्या, पण पॉझिटिव्ह त्यात नको. दोन्ही घेतल्या की बेरीज शून्य. सगळं बंद असताना मीटरवर जे दिसेल तो चोरटा खर्च. आमच्याकडे 1.3 अँपिअर निघाला! गॅस गळतीचा अलार्म 0.1 घेत होता आणि उरलेला 1.2 इन्व्हर्टर. त्याला काही जोडलेलं नव्हतं, नुसता हिरवा दिवा लावून बसला होता. एवढ्याशा करंटवर क्लॅम्पचा काटेकोर भरवसा धरू नये; वायर सैल असेल तर जबड्यातून पाच वेढे घ्या आणि आलेल्या आकड्याला पाचनं भागा.

मग एकेक वस्तू चालू करा, आकडा लिहा, बंद करा. एलईडी दिवा 0.25, पंखा 1.5, पंप 5. मिक्सर, चार्जर अशा 230 व्होल्टच्या वस्तूसुद्धा बॅटरीच्या केबलवरच मोजा, म्हणजे इन्व्हर्टर स्वतः जे 10-15 टक्के खातो तेही धरलं जातं. मिक्सरनं 48 दाखवले तेव्हा छाती दडपली. पण दोन मिनिटांचे होतात जेमतेम 1.6 एएच.

फ्रिजपाशी मात्र घड्याळ घेऊन बसावं लागतं. त्याचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो, त्यामुळे एका नजरेतला आकडा निरुपयोगी. चालू असताना आमचा 4.5 अँपिअर घेतो. दुपारी तासात तीस मिनिटं चालला, रात्री पंधरा. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रींचं कौतुक आम्हाला त्या फ्रिजनं शिकवलं. दुपारच्या एका मोजणीवर दिवसाचा हिशेब केलात तर 54 येतील, खरे लागतात 40. मे महिन्यात तोच फ्रिज आणखी मागेल, तेव्हा पुन्हा मोजा.

आमची बेरीज अशी: फ्रिज 40, पंखा आठ तास 12, चार दिवे पाच तास 5, अलार्म अडीच, पंप वीस मिनिटं पावणेदोन, काकूंची चटणी 1.6. एकूण 63. इन्व्हर्टर वीस तास उगाच चालू राहिला तर वर 24, म्हणजे 87, आणि हाताशी 75. आता इन्व्हर्टरचा स्विच दाराशी आणलाय. चटणी झाली की बंद.

रोज क्लॅम्प धरायचा कंटाळा येत असेल तर शंट (सगळा करंट जिच्यातून जातो ती मोजणीची पट्टी) असलेला बॅटरी मीटर बसवा. तो गेलेले-आलेले एएच स्वतः मोजत राहतो. लिथियमवाल्यांना तर तो लागतोच, कारण त्या बॅटरीचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि त्यावरून काही कळत नाही. शंट निगेटिव्ह केबलमध्ये, बॅटरीलगत. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर शंटखेरीज एकही वायर ठेवू नका. पंपाची एक वायर माझ्याकडून तिथेच राहिली होती, आणि आठवडाभर आमचा मीटर पंप फुकट चालतो असं सांगत होता.