वाळवंटातील वसंतबहर: रानफुले शोधावीत कशी आणि टिपावीत कशी

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत वसंतात फुलणारी रानफुले पाहायची असतील, तर तयारीला आदल्या शरद ऋतूतच लागावे लागते, कारण मार्चमध्ये जमिनीवर काय दिसणार हे बरेचसे सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या पावसातच ठरून गेलेले असते. यांतली पुष्कळशी फुले एकाच हंगामात उगवून, फुलून, बी टाकून संपणाऱ्या झाडांची असतात. ते बी कित्येक वर्षे वाळूत निपचित पडून राहते. त्याच्या सालीत अंकुर रोखून धरणारी द्रव्ये असतात आणि ती चार शिंतोड्यांनी धुऊन जात नाहीत. त्यासाठी साधारण १२ ते २५ मिलिमीटरचा, जमिनीत मुरणारा एक तरी पाऊस व्हावा लागतो. पुढे हिवाळाभर अधूनमधून हलक्या सरी येत राहिल्या, उन्हाने जमीन वेळेवर उबदार झाली आणि कोरड्या वाऱ्याने कोवळी रोपे करपवली नाहीत, तरच बहर येतो. डेथ व्हॅली या तेथील वाळवंटी दरीत वर्षाला सरासरी जेमतेम ५० मिलिमीटर पाऊस पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे १९९८, २००५ आणि २०१६ या वर्षांच्या बहराची आठवण अजून का काढली जाते ते समजते. २०१६च्या बहरामागे ऑक्टोबर २०१५चा जो वादळी पाऊस होता, त्यानेच तेथील ग्रेपव्हाइन कॅन्यन या अरुंद दरीत पूर येऊन रस्ता उखडला होता.

म्हणून कॅलेंडर पाहून सुट्टी टाकण्याआधी पावसाच्या नोंदी पाहाव्यात. वाळवंटातला पाऊस एका दरीत कोसळतो आणि शेजारची दरी कोरडी ठेवतो, त्यामुळे संपूर्ण प्रदेशाच्या सरासरीवर विसंबू नये. ज्या भागात जायचे आहे त्याच्या जवळच्या पर्जन्यमापकाची नोंद शोधावी. फेब्रुवारीपासून डेथ व्हॅली, जोशुआ ट्री आणि अँझा-बोरेगो या उद्यानांची ताजी माहिती वाचत राहावी. कॅलिफोर्नियाच्या देशी झाडांसाठी काम करणाऱ्या थिओडोर पेन फाउंडेशन या संस्थेची रानफुलांची हॉटलाइन (फोनवर ऐकायची माहितीसेवा) मार्च ते मे या काळात दर आठवड्याला कुठे काय फुलले आहे ते सांगते, आणि तिचा उपयोग अवश्य करून घ्यावा. समाजमाध्यमांवरचे छायाचित्र पाहून निघायचे असेल, तर ते कोणत्या दिवशी काढले आहे याची आधी खात्री करावी, कारण गरम वाऱ्याचे दोन-तीन दिवस सबंध उतार वाळवून टाकायला पुरेसे असतात.

वेळ चुकली असे वाटले, तर उंची बदलावी. माझ्या मते या छंदातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. डेथ व्हॅलीचा तळ बॅडवॉटर येथे समुद्रसपाटीपेक्षा २८२ फूट खाली आहे, तर भोवतालचे डोंगर हजारो फूट चढत जातात, आणि बहरही खालून वर चढतो. खालच्या उतारांवर तो साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत असतो, दोन ते चार हजार फुटांवर एप्रिलच्या आरंभापासून मेच्या आरंभापर्यंत, आणि त्याहून वर एप्रिलअखेरपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत. खाली फुले सुकलेली दिसली, तर परत न फिरता घाटरस्त्याने वर जावे.

जागेवर पोहोचल्यावरही पाण्याचाच माग काढायचा असतो. डोंगराच्या तोंडाशी पुराबरोबर आलेली खडी-माती पंख्यासारखी पसरून जे उतार तयार होतात, तेथे ‘डेझर्ट गोल्ड’ची पिवळी फुले दाट येतात. अँझा-बोरेगोत हेंडरसन कॅन्यन रस्त्यालगतच्या वाळूत, चांगल्या वर्षी, जांभळट गुलाबी ‘सँड व्हर्बिना’ आणि पांढरी ‘ड्यून प्रिमरोझ’ एकमेकांत मिसळून फुलतात. डांबरी रस्त्याच्या कडेला निथळलेले जास्तीचे पाणी मिळते, म्हणून बहर बेताचा असला तरी रस्त्याच्या कडा नीट न्याहाळाव्यात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: दुरून दिसणारा प्रत्येक पिवळा पट्टा रानफुलांचा नसतो. ‘सहारा मोहरी’ हे बाहेरून आलेले तण ओलावा आणि जागा बळकावून मूळच्या फुलांना दडपते, आणि गाडीतून पाहताना तेही बहरासारखेच भासते.

छायाचित्रणात प्रकाशाइतकेच फुलाच्या वागण्याकडे लक्ष द्यावे लागते. कॅलिफोर्निया पॉपी हे केशरी फूल रात्री, थंडीत आणि ढगाळ किंवा जोराच्या वाऱ्याच्या दिवशी मिटून राहते. त्यामुळे अँटिलोप व्हॅलीच्या पॉपी अभयारण्यात भल्या पहाटे पोहोचलेल्याला मिटलेल्या कळ्याच दिसतात. तेथे ऊन तापल्यानंतर, पण दुपारचा वारा सुटण्याआधी काम उरकावे.

उभ्या उंचीवरून काढलेले फुलांचे चित्र बहुधा सपाट येते आणि दोन झाडांमधली मोकळी वाळू नजरेत भरते. कॅमेरा फुलांच्या पातळीला आणला की तीच विरळ फुले एकामागे एक येऊन दाट दिसू लागतात. वाइड अँगल लेन्सने पुढचे फूल हातभर अंतरावर घेऊन मागे डोंगर ठेवायचा असेल, तर ॲपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र) एफ/११ ते एफ/१६ इतके लहान ठेवावे, आणि तरीही दोन्ही स्पष्ट येत नसतील, तर वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून काढलेली चित्रे नंतर जोडावीत. वारा असेल तेव्हा हे जोडकाम साधत नाही. मग आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवून शटर स्पीड निदान १/२५० सेकंद ठेवावा आणि झुळूक थांबण्याची वाट पाहावी. पिवळ्या-केशरी फुलांत लाल रंगाची पातळी सर्वांत आधी कमाल मर्यादा ओलांडते आणि पाकळ्यांचा पोत नाहीसा होतो, म्हणून रंगवार हिस्टोग्राम, म्हणजे प्रत्येक रंगाच्या उजळपणाचा आलेख, पाहून एक्स्पोजर थोडे कमी करावे. भर दुपारी लहान डिफ्यूझरची (प्रकाश मऊ करणाऱ्या पांढऱ्या पडद्याची) सावली एका फुलापुरती पुरेशी होते.

‘डेझर्ट फाइव्ह-स्पॉट’ हे फूल सापडले, तर त्याच्यासाठी निवांत वेळ राखावा. त्याच्या फिकट गुलाबी पाकळ्या पूर्ण न उलगडता वाटीसारख्या मिटत्या राहतात आणि आत, तळाशी, पाच गडद लाल ठिपके असतात. वरून पाहिले तर हे सौंदर्य अर्धेच दिसते. सूर्य कलल्यावर फुलाच्या मागून प्रकाश येईल असे जमिनीलगत आडवे व्हावे. पाकळ्या कागदी कंदिलासारख्या उजळतात आणि ठिपके बाहेरूनही जाणवू लागतात. ‘पर्पल मॅट’सारखी जमिनीला चिकटून वाढणारी फुले तर इतकी लहान असतात की तेथील लोक त्यांना ‘बेली फ्लॉवर्स’, म्हणजे पोटावर झोपून पाहायची फुले, असेच म्हणतात. त्यांच्यासाठी अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स आणि पाय पूर्ण पसरणारा ट्रायपॉड घ्यावा. झोपण्याआधी मात्र जागा पाहावी: जांभळ्या ‘फॅसेलिया’च्या केसांनी अंगावर पुरळ उठते, चोया या निवडुंगाच्या काट्यांचे गोळे वाळूत पडलेले असतात आणि उबदार दिवसांत खुळखुळे साप (रॅटलस्नेक) बाहेर येतात.

आणि फुलांवर झोपू नये, फुलांतून वाट काढू नये. २०१९मध्ये लेक एल्सिनोरजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये पॉपींच्या उतारावर लोटलेल्या गर्दीने वाटा सोडून जागोजागी जमीन तुडवली. २०२३च्या बहरात तो कॅन्यन लोकांसाठी बंदच ठेवावा लागला. तुडवलेले रोप बी धरत नाही, म्हणजे पुढच्या एखाद्या ओल्या वर्षाचा बहर तेवढ्यापुरता आजच बुडतो. राष्ट्रीय उद्यानांत फुले तोडण्यास आणि ड्रोन उडवण्यास मनाई आहे. पायवाटेवर उभे राहून टेलिफोटो लेन्सने उतार जवळ ओढला, तर फुलांचे पट्टे एकमेकांवर चढून दाट दिसतात आणि आत शिरायची गरजच उरत नाही.

माणशी दिवसाला चार लिटर पाणी गाडीत ठेवावे, नकाशा आधीच उतरवून घ्यावा, कारण मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, आणि मऊ वाळूत गाडी घालू नये.

सूर्य मावळला म्हणून कॅमेरा लगेच आवरू नये. ‘ड्यून प्रिमरोझ’ संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की कोमेजून गुलाबी पडते, त्यामुळे तिची ताजी पांढरी पाकळी संधिप्रकाशातच मिळते. ट्रायपॉड लावून, वारा पडल्यावर, एक-दोन सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे आणि फुलाशेजारी गप्प बसून राहावे. थोड्या वेळाने पांढऱ्या रेघांचे मोठे पतंग येतात, हवेत एका जागी थरथरत फुलापुढे थांबतात आणि लांब सोंड आत घालतात.