घराचं वय काढायचं तर आधी गोठ्यात शिरा
ग्वाल्हेरच्या आसपासच्या खेड्यांत आपल्या मराठी मंडळींची जुनी दगडी घरं अजून उभी आहेत. शहरातल्या लष्कर भागात राहणारी नातवंडं दिवाळीला तिकडे चक्कर मारतात आणि परत आली की विचारतात, "काका, घर किती वर्षांचं असेल हो?" बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. माझं उत्तर ठरलेलं: घर नंतर बघा, आधी गोठा. घरात लग्न निघालं की रंग लागतो, फरशी बदलते. गोठ्यावर कोण खर्च करतंय?

आत गेलात की मान वर करा. घाटीगावकडचा दगड थराथरांनी सुटतो, म्हणून इकडे छताला पटिया, म्हणजे दगडाच्या लांब फरश्या. त्या नुसत्या भिंतीवरून भिंतीवर टाकल्या असतील तर खोली अरुंदच असणार, कारण दगड वाकत नाही, तुटतो. पटियांखाली लोखंडी गाटर असेल तर तुमचं नशीब चांगलं. तारेच्या ब्रशने त्याच्या उभ्या पट्टीवरचा गंज घासा, कधीकधी उठावाची अक्षरं निघतात. 'डॉर्मन लाँग' निघालं तर माल विलायती, आणि ती कंपनीच १८७० च्या दशकातली. 'टाटा' निघालं तर छत १९१२ च्या अलीकडचं, कारण जमशेदपूरला पोलाद त्या वर्षी निघायला लागलं. भिंत मात्र त्याहून जुनी असू शकते. गाटरच्या टोकापाशी दगड फोडून पुन्हा बुजवलाय का, ते बघा.

मग गव्हाण. काठ गुळगुळीत झिजलेला असेल तर पिढ्यान् पिढ्या गुरांच्या माना तिथे घासल्या आहेत. खांबाच्या कोपऱ्यात दावं ओवायला आरपार कोरलेली भोकंही शोधा. भुशाच्या खोलीला खिडकी नसते, छतात मोखा, म्हणजे भोक असतं. गच्चीवरून भुसा ओतायचा, खालच्या दारातून काढायचा. तुमच्या पाहुण्यांच्या खोलीच्या छतात बुजवलेला चौकोन दिसला तर पाहुणे कुठे झोपतात ते समजून घ्या. त्यांना सांगू नका.

दाराच्या वरच्या दगडावर आकडा कोरलेला असेल तर घाई नको. संवत असेल तर ५७ वजा करा, शके असेल तर ७८ मिळवा. एखाद्या वर्षाचा फरक सोडून द्या. नुसतं '१८२५' लिहिलेलं असेल तर? संवत धरला तर १७६८, शके धरला तर १९०३. लष्कर वसलं १८१० मध्ये, दौलतराव शिंद्यांच्या काळात. तेव्हा तुमचं घराणं त्यांच्यासोबत आलेलं असेल आणि घर त्यांनीच बांधलं असेल, तर पहिला हिशेब जमत नाही.

पटवाऱ्याकडे, म्हणजे इकडच्या तलाठ्याकडे, फार आशेने जाऊ नका. आबादीतल्या, म्हणजे गावठाणातल्या घरांना सहसा वेगवेगळे खसरा नंबर (जमिनीच्या नोंदीतले तुकड्यांचे नंबर) नसतात. शेतातला गोठा मात्र जुन्या खसऱ्यात सापडू शकतो. घरातल्या ट्रंकेत मोडी कागद असतील तर रद्दीत घालण्याआधी कुणा जाणकाराला दाखवा.

शेवटी खिळ्याने सांधा खरवडा. चुना-सुरखी (सुरखी म्हणजे विटांची पूड) भुसभुशीत, फिकट गुलाबी निघते. सिमेंट करडं आणि टणक, खिळा घसरतो. सिमेंट दिसलं तर ती नंतरची डागडुजी. सांधे उकललेले असतील तर चुन्यानेच भरून घ्या. मिस्त्री सिमेंटच सांगेल, ऐकू नका: सांध्यातून न निघालेली ओल मग दगडातून निघते आणि हळूहळू त्याचे पापुद्रे सुटायला लागतात.