एलईडीला लेन्स लावावी की थर्माकोल?

जुलैत साताऱ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. मग घरातल्या रॅकवर कोथिंबीर, मेथी, मिरचीची रोपं करणारे एलईडी घ्यायला निघतात आणि दुकानदार विचारतो, ‘लेन्सवाला देऊ का?’ हो म्हणण्याआधी दिवा आणि रोपांमधलं अंतर मोजा.

बिनलेन्सच्या एलईडीचा प्रकाश साधारण १२० अंशांत पसरतो. लेन्स तो ९० किंवा ६० अंशांत गोळा करते. नवा प्रकाश काही तयार करत नाही, उलट थोडा स्वतःच खाते. दिवा तीन-चार फूट वर टांगला असेल तर तिचा उपयोग. रॅकच्या कप्प्यात वीतभर उंचीवर मात्र लेन्स लावली, की मधली रोपं करपतात आणि कडेची माना वाकवून लांबट होतात.

तिथं रिफ्लेक्टरच, म्हणजे प्रकाश परत फेकणारा आडोसाच बरा, तोही फुकटातला. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल कप्प्याच्या तिन्ही बाजूंना उभा करा, फक्त गरम दिव्याला टेकू देऊ नका. किंवा पुठ्ठ्याला बिनचकाकीचा पांढरा रंग द्या. बाहेर सांडणारा प्रकाश पानांवर परत येतो. पोळ्या गुंडाळायची फॉइल नको; चुरगळली की प्रकाश भलतीकडेच फेकते, आणि उघड्या वायरला लागली तर शॉकची भीती.

मग फोनवरच्या लक्स (उजेडाचं माप) मोजणाऱ्या अ‍ॅपने ट्रेचा मध्य आणि चारही कोपरे तपासा. आकडा अचूक नसतो, पण तुलनेपुरता चालतो. कोपरे फारच मागे असतील तर दिवा चार बोटं वर घ्या आणि पुन्हा बघा.