तोंड अचानक वाकडे झाले, तर पहिल्या तीन दिवसांत काय करावे

सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून ओघळते, आरशात तोंड एका बाजूला ओढलेले दिसते आणि एक डोळा काही केल्या मिटत नाही. घरातली माणसे 'वारं गेलं' म्हणतात आणि तेल चोळायला घेतात. या एका शब्दप्रयोगात दोन वेगळे आजार मिसळतात: मेंदूचा पक्षाघात आणि चेहऱ्याच्या नसेचा लकवा, ज्याला डॉक्टर बेल्स पाल्सी म्हणतात.

आधी रुग्णाला दोन्ही भुवया वर उचलायला सांगा. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळत असल्यामुळे पक्षाघातात कपाळावर सहसा दोन्हीकडे आठ्या पडतात, तर नसच दुखावली असेल तर त्या बाजूचे कपाळ गुळगुळीत राहते. मात्र घरच्या या परीक्षेवर विसंबून राहू नये. हातापायात कमजोरी, अडखळणारी वाणी, दुहेरी दिसणे, तोल जाणे किंवा अचानक तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही असेल, तर कपाळ कसेही दिसो, ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

चेहऱ्याची नस, म्हणजे मेंदूतून निघणारी सातवी नस, कानाजवळच्या हाडातील अरुंद बोगद्यातून बाहेर येते. तिला सूज आली की तिथे पसरायला जागाच उरत नाही आणि ती दबते. ही सूज बहुधा शरीरात सुप्त राहिलेल्या नागिणीच्या जातीच्या विषाणूंमुळे येत असावी. मधुमेह असणाऱ्यांत आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार अधिक आढळतो.

निदान प्रामुख्याने तपासणीवरूनच होते. डॉक्टर कानात डोकावतात, कारण तेथे दुखरे फोड असतील तर तो नागिणीचा प्रकार असतो आणि त्याला वेगळे उपचार लागतात. कानातला पू आणि कानाखालची गाठ हीसुद्धा कारणे असू शकतात. लकवा हळूहळू काही आठवड्यांत वाढत गेला असेल किंवा पुन्हापुन्हा होत असेल, तर एमआरआय करावा लागतो. एरवी प्रत्येकाला त्याची गरज नसते.

मुख्य औषध प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असून ते लक्षणे दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवे. स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी सुमारे ९४ टक्के लोक नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले, तर न घेणाऱ्यांपैकी सुमारे ८२ टक्के. म्हणजे पुष्कळ जण औषधाविनाही बरे होतात, आणि म्हणूनच तेलाला आणि मालिशीला श्रेय मिळत राहते. पण त्या नादात हे तीन दिवस निघून जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. मधुमेह, रक्तदाब, पोटातील व्रण किंवा गरोदरपण असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे, कारण स्टेरॉइडमुळे साखर वाढते. केवळ विषाणूरोधक गोळ्यांनी भागत नाही.

सगळ्यांत दुर्लक्षित राहतो तो डोळा. न मिटणाऱ्या डोळ्याचे बुबुळ कोरडे पडते, त्यावर जखम होते आणि नजर कायमची अधू होऊ शकते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब वरचेवर घालावेत, बाहेर पडताना गॉगल लावावा. रात्री डॉक्टरांनी सांगितलेले मलम घालून, पापणी पूर्ण बंद करून त्वचेला चालणारी चिकटपट्टी लावावी. अर्धवट उघड्या डोळ्यावर कापसाची पट्टी ठेवल्यास तीच बुबुळाला घासते. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा दिसायला अंधुक वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

जेवताना घास चांगल्या बाजूने चावावा. आरशासमोर हलके, सावकाश व्यायाम करावेत. जोर लावून तोंड वेडेवाकडे करू नये. बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत सुधारणा जाणवू लागते. तीन महिन्यांनंतरही काही हालचाल परत आली नाही, किंवा नस भरून येताना चुकीच्या स्नायूंशी जोडली गेल्यामुळे हसताना डोळा आपोआप मिटू लागला, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. त्यावर खास फिजिओथेरपी आणि बोटॉक्सच्या इंजेक्शनांचा उपयोग होतो.